प्रमाणपत्र भिंतीवर आहे, पण मीटर काय म्हणतो?

अमेरिकेतल्या सरकारी इमारती सांभाळणाऱ्या जनरल सर्व्हिसेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने 2010 मध्ये नियम कडक केला: नवी इमारत किमान ‘लीड गोल्ड’ हवी. आधी ‘सिल्व्हर’ चालायचं. हेतू चांगलाच आहे. माझा आक्षेप पुराव्यावर आहे.

‘लीड’मध्ये नव्या इमारतीला ऊर्जेचे गुण मुख्यतः आराखड्यावरून, म्हणजे संगणकी अंदाजावरून मिळतात. बिल नंतर येतं. मग बचत खरंच होते का? 2008 च्या न्यू बिल्डिंग्ज इन्स्टिट्यूटच्या अहवालाने उत्तर दिलं: राष्ट्रीय सरासरीपेक्षा 25 ते 30 टक्के.

इथे थांबा. विचारणा 552 इमारतींकडे झाली, माहिती 121 नीच दिली. ज्यांची बिलं बरी, तेच पुढे आले नसतील कशावरून? शिवाय लीड इमारतींचा घेतला मध्यक आणि तुलना केली इतरांच्या सरासरीशी! ऊर्जावापरात थोड्या खादाड इमारती सरासरी वर ओढतात, त्यामुळे फरक आपोआप फुगतो.

2009 मध्ये न्यूशॅम आणि सहकाऱ्यांनी हीच माहिती पुन्हा तपासली. सरासरी बचत दिसली. पण 28 ते 35 टक्के लीड इमारती आपल्या जोडीच्या साध्या इमारतीपेक्षा जास्त ऊर्जा खात होत्या. म्हणजे ‘गोल्ड’ची सक्ती केली म्हणून एखाद्या इमारतीचं बिल कमी येईलच, असं नाही.

आपल्याकडे ‘ग्रिहा’वर विषय घेताय? तारे मोजण्याआधी वर्षभराची वीजबिलं मागा. ती मिळाली नाहीत, तर तेही प्रबंधात लिहा.