वर केलेला हात: शिकागोच्या एका पोलीस स्मारकाबद्दल

मागे आवाज पोचतोय ना? बरं.

आज एका पुतळ्याबद्दल बोलायचं आहे. कर्तव्यावर असताना मारल्या गेलेल्या पोलिसांची स्मारकं हा विषय आपल्याकडे २६/११ नंतर घराघरात आला. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांचं स्मारक आहे. दिल्लीत चाणक्यपुरीला २०१८ साली राष्ट्रीय पोलीस स्मारक झालं, तिथल्या भिंतीवर चौतीस हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. पण या स्मारकांवर चर्चा म्हणून होत नाही. शिल्प म्हणून हे कसं आहे, ते काय सांगतं, काय लपवतं, असं कुणी विचारलं की लगेच 'शहिदांचा अपमान' सुरू होतं. म्हणून मी मुद्दाम लांबचं आणि जुनं उदाहरण घेतो. तसं अगदी परकं नाही. १ मेला आपण महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन करतो आणि त्याच दिवशी कामगार दिनही असतो. त्या कामगार दिनाचं मूळ ज्या शहरात आहे, तिथलाच हा पुतळा.

घटना थोडक्यात सांगतो. १ मे १८८६ला आठ तासांच्या दिवसासाठी शिकागोत मोठा संप झाला. ३ तारखेला मॅकॉर्मिक कारखान्याबाहेर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, कामगार मेले. त्याच्या निषेधाची सभा ४ मेच्या रात्री हेमार्केटजवळ भरली. सभा कसली, रस्त्यात उभी केलेली एक मालगाडी, घोड्यांची, आणि तिच्यावर चढून बोलणारे वक्ते. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः येऊन बघून गेले. सभा शांत आहे, असं पोलिसांना सांगून ते घरी गेले. हवा बिघडली, लोक निघायला लागले. आणि संपत आलेल्या त्या सभेवर इन्स्पेक्टर बॉनफिल्ड पावणेदोनशेच्या आसपास पोलीस घेऊन चालून आला. का, याचं पटणारं उत्तर आजही मिळत नाही.

आता इथे नीट लक्ष द्या. बॉनफिल्डबरोबर कॅप्टन वॉर्ड होता. त्याने पुढे होऊन हुकूम दिला: राज्यातल्या जनतेच्या नावाने आज्ञा करतो, ताबडतोब आणि शांतपणे पांगा. गाडीवर फील्डन नावाचा वक्ता होता. तो म्हणाला, आम्ही शांतच आहोत. तेवढ्यात कुठून तरी बॉम्ब आला. मथायस डीगन नावाचा पोलीस कोसळला. मग अंधारात पोलिसांनी बेफाम गोळीबार केला. सात पोलीस दगावले, काही त्याच रात्री, काही पुढच्या दिवसांत. निदान चार कामगारही गेले. पॉल अॅव्रिचसारख्या इतिहासकारांनी कागदपत्रं तपासून म्हटलंय की मेलेल्या पोलिसांपैकी बऱ्याच जणांना आपल्याच सहकाऱ्यांच्या गोळ्या लागल्या होत्या. बॉम्ब कुणी टाकला हे कधीच सिद्ध झालं नाही. चौघांना मात्र फाशी झाली.

शहरातल्या प्रतिष्ठित लोकांच्या युनियन लीग क्लबने पुढाकार घेतला, वर्गणी जमली, आणि ३० मे १८८९ला त्याच ठिकाणी पुतळा उभा राहिला. योहानेस गेलर्ट या शिल्पकाराचा. नऊ फुटी ब्राँझचा पोलीस, गणवेशात, उजवा हात वर. खाली चौथऱ्यावर वॉर्डचा हुकूम, पण थोडा बदलून: इलिनॉयच्या जनतेच्या नावाने मी शांततेची आज्ञा करतो.

माझा सगळा आक्षेप या एका वाक्यावर आहे. वॉर्ड म्हणाला होता 'पांगा'. चौथऱ्यावर आलं 'शांतता'. 'पांगा' हा पोलिसी हुकूम आहे, तो बरोबर की चूक यावर वाद घालता येतो. सभा शांत असताना पांगवली कशाला, असं विचारता येतं. 'शांतता' म्हटलं की प्रश्नच मिटला. शांततेला कोण विरोध करणार? बरं, हे वाक्य बोलतंय कोण? मेले ते साधे शिपाई. त्यांना रांगेत उभं करून पुढे नेलं, ते गेले. हुकूम अधिकाऱ्याचा होता. पुतळ्यात अधिकाऱ्याचं वाक्य शिपायाच्या तोंडी घातलंय आणि अधिकाऱ्याचा हात शिपायाच्या खांद्याला जोडलाय. ज्या निर्णयाने डीगन गेला, तो निर्णय डीगनचाच होता असं हे स्मारक सांगतं. आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, पुतळा उभा राहिला त्याच वर्षाच्या सुरुवातीला बॉनफिल्डला भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून पोलीसदलातून जावं लागलं होतं.

शिल्प म्हणूनही तो हात बघा. शोकाला हात वर करायची गरज नसते. तो हात बघणाऱ्याला थांबवतो. वाकून नाव वाचावं, टोपी काढावी, फूल ठेवावं, यातलं काहीच त्या पुतळ्यापाशी सुचत नाही. तिथून रोज जाणाऱ्या कामगाराला तो फक्त 'थांब, मागे हो' म्हणतो.

लोकांनी तो हात तसाच वाचला. १९२७ साली, नेमक्या ४ मेला, एक ट्राम रूळ सोडून चौथऱ्यावर आदळली. तो हात वर केलेला पोलीस बघून बघून वैतागलो होतो, असं चालक म्हणाल्याची गोष्ट सांगतात. ६ ऑक्टोबर १९६९ला 'वेदरमेन' या डाव्या तरुणांच्या गटाने पुतळा बॉम्बने उडवला. शहराने तो परत बसवला. वर्षभराने, ऑक्टोबर १९७०मध्ये, परत उडवला. मग महापौर डेलींनी चोवीस तास पहारा बसवला. म्हणजे मेलेल्या पोलिसांच्या पुतळ्यावर जिवंत पोलीस!

मी बॉम्बवाल्यांच्या बाजूचा नाही, हे स्पष्ट सांगतो. त्यांनीही डीगनकडे पाहिलं नाही. त्यांनाही पुतळ्यात फक्त सरकार दिसलं, म्हणजे क्लबवाल्यांचं वाचन त्यांनी जसंच्या तसं मान्य केलं, फक्त उलट्या बाजूने.

शेवटी १९७२ साली पुतळा पोलीस मुख्यालयात हलवला, मग पोलीस अकादमीत, आणि २००७ पासून तो नव्या मुख्यालयापाशी आहे. 'जनतेच्या नावाने' बोलणारा पुतळा खात्याच्या आवारात जाऊन राहिला. मूळ जागी २००४ साली मेरी ब्रॉगर यांचं शिल्प आलं: ती वक्त्यांची गाडी, आणि तिच्यावर-भोवती चेहरे नसलेल्या आकृत्या. अनावरणाला पोलीस संघटनेचे अध्यक्षही बोलले. काही अराजकवाद्यांनी तिथेच निषेध केला, की हे सगळ्यांना गोड लागावं म्हणून केलेलं आहे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चेहरेच नसले की दोष कुणालाच लागत नाही. तरी मला ते शिल्प जुन्यापेक्षा बरं वाटतं, कारण निदान गाडी परत आणली. त्या रात्री सभा होती, कुणीतरी बोलत होतं, हे जुना पुतळा साफ विसरला होता.

(श्रोत्यांतून प्रश्न: मुंबईत असा वाद का झाला नाही?)

चांगला प्रश्न आहे. फ्लोरा फाउंटनला आपलं हुतात्मा स्मारक आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी पोलीस गोळीबारात मेलेल्यांचं, हातात मशाल घेतलेले शेतकरी आणि कामगार. तिथून चौपाटी फार लांब नाही, आणि तिथे ओंबळे. एकाच शहरात दोन्ही आहेत आणि एक दुसऱ्याला खोटं पाडत नाही. ओंबळे यांनी कुणाला हुकूम दिला नव्हता. हातात काठी होती, समोर एके-४७, आणि त्यांनी तिची नळी धरून ठेवली. पण त्या रात्री पोलिसांकडे साधनं का नव्हती, संपर्क का तुटला, हे अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी पुस्तक लिहून विचारलं. ते प्रश्न कुठल्या चौथऱ्यावर आहेत का, बघून या.

(प्रश्न: म्हणजे स्मारक उभारूच नये का?)

असं मी म्हणत नाही. उभारावं. १८८९च्या त्या अनावरणाला पडद्याची दोरी ओढली होती फ्रँक डीगनने, मथायसच्या मुलाने. २००७ साली मुख्यालयापाशी अनावरण केलं मथायसच्या पणतीने. म्हणजे चौथ्या पिढीपर्यंत ते घर येत राहिलं. मला एवढंच विचारायचंय, त्या मुलाने पडदा बाजूला केला तेव्हा वर त्याचा बाप होता का?