अनुभूतीची साक्ष आणि समीक्षेची कसोटी

सातारा जिल्ह्यातील औंध गावी मूळपीठाच्या डोंगरावर यमाईदेवीचे मंदिर आहे. देवीच्या नावाविषयी एक लोककथा सांगतात. सीतेच्या शोधात हिंडणाऱ्या रामाची परीक्षा पाहण्यासाठी पार्वती सीतेचे रूप घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. रामाने तिला ओळखले आणि ‘ये माई’ म्हणून हाक मारली, तीच यमाई. कथेची ऐतिहासिकता हा आमच्यापुढील प्रश्न नव्हे. तिच्यातील एक मर्म मात्र आम्हांला मोलाचे वाटते. ज्याचा जीव सीतेसाठी तळमळत होता त्याच्यापुढेच सीता उभी राहिली, आणि तरीही त्याने डोळ्यांवर तत्काळ विश्वास ठेवला नाही. मनाला जे हवे असते तेच डोळ्यांना दिसते काय? धार्मिक अनुभवाविरुद्ध आधुनिक काळात जे आक्षेप घेतले गेले, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाख याने १८४१ साली असे मांडले की, मनुष्य स्वतःचेच उत्तम गुण आकाशावर प्रक्षेपित करतो आणि त्यांना देव म्हणतो. फ्रॉइडने १९२७ साली धर्माला इच्छापूर्तीचा भ्रम ठरविले. बापाच्या आधाराची बालपणीची ओढ हे त्याच्या मते श्रद्धेचे मूळ. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खेम याचा १९१२ सालचा सिद्धान्त निराळा आहे. समूह एकत्र जमला म्हणजे व्यक्तीला आपल्याहून मोठी शक्ती जाणवते. ती शक्ती खरी असते, पण ती देवाची नसून समाजाची असते, असे तो म्हणतो. औंधच्या पौषातील यात्रेत किंवा सप्टेंबरात वांद्र्याच्या मोत माउलीच्या सणाला जो कोणी गर्दीत उभा राहिला असेल, त्याला दुर्खेमचे म्हणणे निव्वळ पोकळ आहे असे म्हणवणार नाही. सहस्र कंठांतून उठलेली प्रार्थना आपल्याला उचलून नेते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परंतु येथेच विचाराची एक पायरी निसटते. एखादी जाणीव कशी उत्पन्न झाली हे सांगणे आणि ती खरी की खोटी हे ठरविणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तहान लागते म्हणून पाणी हा भ्रम ठरत नाही. विल्यम जेम्स याने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत हेच दाखविले. दमास्कसच्या वाटेवरील संत पौलाचे दर्शन म्हणजे अपस्माराचा झटका, असे म्हणून विषय संपविणाऱ्यांना त्याने उलट विचारले: मग नास्तिकाचे मतही त्याच्या शरीरप्रकृतीतूनच उपजलेले नाही काय? झाडाची परीक्षा मुळावरून नव्हे, फळांवरून करावी, असा त्याचा निर्णय होता. शुभवर्तमानाच्या वाचकाला ही कसोटी परकी वाटू नये.

फळांचा विचार करताना औंधचाच एक माणूस आठवतो. औंधचा म्हणजे जन्माने नव्हे. मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमधील ज्यू कुटुंबात जन्मलेला अभियंता. १९३०च्या दशकात तो भारतात आला आणि सत्याच्या शोधात साधुसंतांच्या सहवासात राहिला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे पुत्र आप्पासाहेब यांच्याशी त्याचा स्नेह जुळला. गांधीजींच्या मार्गदर्शनाने १९३९ साली औंध संस्थानात जी राज्यघटना आली आणि जिने राजाचे अधिकार प्रजेकडे सोपविले, तिच्या घडणीत त्याचा मोठा हात होता. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर या भिंती नसलेल्या बंदिवसाहतीशीही त्याचे नाव जोडलेले आहे. याच वसाहतीवरून पुढे १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट निघाला. उतारवयात, मुंबईत विडीचे दुकान चालविणाऱ्या निसर्गदत्त महाराजांचे मराठी संवाद त्याने इंग्रजीत आणले. ते पुस्तक १९७३ साली प्रसिद्ध झाले. ज्याचा शोध त्याच्या जन्मसमाजाने घडविला नाही, उलट त्याला त्या समाजाबाहेर ओढून नेले, त्याला दुर्खेमच्या चौकटीत बसविणे अवघड जाते.

मात्र येथे घाईने टाळी वाजविणे उचित नाही. चांगली फळे भ्रमातूनही येऊ शकतात, हा आक्षेप उरतोच. शिवाय वारकऱ्याला विठ्ठल भेटतो, आपल्या आजीला पवित्र मरिया भेटते. उलट सहसा घडत नाही. तेव्हा परंपराच अनुभवाला घडविते, असे स्टीव्हन कॅट्झ या अभ्यासकाने १९७८ साली मांडले. आमच्या मते हा सर्वांत सबळ आक्षेप आहे. त्याला आमचे उत्तर मर्यादित आहे: आईची माया आपण मातृभाषेतच ओळखतो, पण म्हणून ती माया भाषेने निर्माण केलेली नसते. इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले, ते याच संदर्भात स्मरावे. एवढ्याने देवाचे अस्तित्व सिद्ध होत नाही. अनुभव खोटाच असला पाहिजे, हा दावा तेवढा सैल होतो.

खरी कसोटी मात्र आपलीच आहे. २०१२ साली मुंबईत एका चर्चमधील क्रूसावरून पाणी झिरपू लागले. ते जवळच्या सांडपाण्याच्या नळातून भिंतीत मुरून येत आहे, असे एका बुद्धिवाद्याने सांगितले, तेव्हा आपल्यापैकी काहींनी त्याच्याविरुद्ध पोलिसांत तक्रारी केल्या. त्याला देश सोडावा लागला. पुढच्याच वर्षी साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर पुण्यात गोळ्यांना बळी पडले. त्या हत्येशी आपला संबंध नाही, हे खरे. पण प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करण्याची वृत्ती एकाच धर्माची मिरास नाही, हे आपण विसरू नये.

वस्तुतः आपली परंपरा टीकाकाराहूनही कठोर आहे. क्रूसभक्त संत योहानाने दर्शनांची इच्छा धरण्यापासून साधकाला परावृत्त केले. संत तेरेजा आपल्या अनुभवांविषयी साशंक होऊन विद्वान धर्मगुरूंचा सल्ला घेत राहिली. २०२४ च्या मे महिन्यात व्हॅटिकनने नवे नियम काढले. त्यांनुसार एखादी घटना अलौकिक असल्याची घोषणा आता सर्वसाधारणपणे केलीच जात नाही. तिच्या आध्यात्मिक फळांकडे आणि धोक्यांकडे पाहून सावध अनुमती तेवढी दिली जाते.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. घरातील कॉलेजात जाणारा मुलगा ‘हे सारे मनाचे खेळ आहेत’ असे म्हणाला, तर त्याला नास्तिक म्हणून जेवणाच्या पाटावरून उठवू नये. त्याच्यासमवेत बसून विचारावे: या प्रार्थनेने आजीला अधिक क्षमाशील केले की नाही? आणि तोच प्रश्न आपण स्वतःलाही विचारावा. उत्तर नकारार्थी आले, तर दोष फ्रॉइडचा वा दुर्खेमचा नसेल.