परीक्षेची मराठी आणि रुग्णाची मराठी

१

परीक्षा कोणत्या भाषेत घ्यावी, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला आहे. परीक्षा कोणत्या घडणीच्या वाक्यांत घ्यावी, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. परिचर्या, औषधनिर्माण व एकूण आरोग्यसेवा यांच्या शिक्षणात हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच, किंबहुना काही बाबतींत त्याहून अधिक महत्त्वाचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे मत ज्या प्रसंगातून बनले तो प्रथम सांगणे इष्ट होईल.

काही वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातील एका प्रशिक्षणसंस्थेने सहायक परिचारिका प्रसाविकांच्या अंतर्गत परीक्षेची प्रश्नावली भाषेच्या दृष्टीने तपासून देण्याविषयी मला विनंती केली. बालआरोग्याच्या भागात एक प्रश्न असा होता : 'लेकराच्या अंगातले पाणी कमी झाले हे कशावरून ओळखाल?' मी तो खोडला आणि त्या जागी 'बालकांमधील निर्जलीकरणाची लक्षणे सांगा' असे लिहिले. आपण प्रश्न शुद्ध व शास्त्रीय केला, असे समाधानही मला त्या वेळी वाटले.

पुढे तोंडी परीक्षेस मी उपस्थित होतो. जिंतूरकडच्या एका खेड्यातून आलेली विद्यार्थिनी या प्रश्नापुढे गप्प राहिली व तिला त्याचे गुण मिळाले नाहीत. परीक्षा आटोपल्यावर व्हरांड्यात मी तिला सहज विचारले की, लेकराला हगवण लागली आणि ते सुकत चालले, तर तू काय पाहशील? ती म्हणाली, "डोळे आत जातेत, सर. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लवकर माघारी जात नाही. पाणी दाखवलं की हपापल्यावानी पितं. अन् लईच झालं असलं तर पिईनाच, निपचित पडून राहतं."

जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९९० नंतरच्या दशकात बालरोगांच्या एकत्रित उपचाराची जी पद्धती आखली, तीत हगवण लागलेल्या मुलाची तपासणी याच चिन्हांवरून करावयास सांगितले आहे. हपापून पिणे आणि पिऊच न शकणे या दोन अवस्थांमधील भेद, ज्यावरून मुलाला जलसंजीवनी पाजावयाची की तातडीने रुग्णालयात न्यावयाचे हे ठरते, तो या मुलीने कोणी न विचारता सांगितला होता. त्याच दिवशी दुसऱ्या एका विद्यार्थिनीने निर्जलीकरणाची व्याख्या, प्रकार व लक्षणे ओळीने म्हणून दाखवून पूर्ण गुण मिळवले. हे तू मुलाच्या आईला कसे सांगशील, असे मी तिला नंतर विचारले असता ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तुमच्या बाळाला निर्जलीकरण झाले आहे."

दोघींपैकी कोणीही अज्ञानी नव्हती. तथापि परीक्षेने एकीचे ज्ञान पाहिले नाही आणि दुसरीची उणीव पाहिली नाही. आणि या दोन्ही चुकांचे मूळ मी केलेल्या एका दुरुस्तीत होते.

२

या दुरुस्तीचे स्वरूप भाषाशास्त्राच्या दृष्टीने तपासून पाहू. 'पाणी कमी झाले' हे वाक्य आहे, 'निर्जलीकरण' हे नाम आहे. वाक्याचे नाम होताना काही गोष्टी गळून पडतात : क्रिया कोणाच्या बाबतीत घडली, केव्हापासून घडत आहे, आधीची स्थिती कोणती होती. '-करण', '-स्राव', '-क्षय', '-दाह' अशा उत्तरपदांनी घडविलेली आपली वैद्यकीय परिभाषा रोगाला काळापासून तोडून एक वस्तू बनविते. वर्गीकरणासाठी व नोंदीसाठी हे आवश्यक असते. परंतु रोग परिचारिकेपुढे वस्तू म्हणून येत नाही. तो घडत असलेली क्रिया म्हणून येतो, आणि त्याचे वर्णन करणारी आई क्रियापदांतच बोलते.

या बाबतीत मराठीचे सामर्थ्य विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. 'लेकरू पीत नाही' आणि 'लेकरू पिईना' ही दोन वाक्ये समानार्थी नव्हेत. पहिल्याने केवळ नकार सांगितला जातो. दुसऱ्याने असे सूचित होते की, लेकरू आधी पीत होते, आता पाजण्याचा यत्न करूनही ते पीत नाही. 'रडेना', 'उठेना', 'डोळे उघडेना' या रूपांतही पूर्वस्थितीशी केलेली तुलना अशीच गर्भित असते. ज्या परिचारिकेला हा भेद ऐकू येतो तिला अर्धे निदान आईच्या वाक्यातच मिळते. ज्या परीक्षेत केवळ नामे विचारली जातात, तीत या श्रवणशक्तीची परीक्षा होण्याचा संभवच नाही.

हे केवळ वैयाकरणाचे कौतुक नव्हे, हे दाखवावयास गडचिरोलीचे उदाहरण पुरेसे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तेथील खेड्यांत बेताचे शालेय शिक्षण झालेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले आणि नवजात अर्भकांची काळजी घरोघरी घेण्याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांत दिसून आले. जंतुदोष ओळखण्यासाठी या स्त्रियांना जी चिन्हे शिकविली होती, त्यांची घडण पाहण्यासारखी आहे : आधी नीट रडणारे बाळ क्षीण रडू लागले वा रडेनासे झाले, आधी नीट ओढणारे बाळ कमी ओढू लागले वा ओढेनासे झाले, बाळ सुस्त वा बेशुद्ध झाले. येथे 'आधी' आणि 'आता' यांची तुलना हाच निदानाचा आधार आहे, आणि ती क्रियापदावाचून सांगताच येत नाही. याच अनुभवाच्या आधारे पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर सुरू झाला. परभणी जिल्ह्यातील आशा आज घरोघर जाऊन ज्या खुणा पाहते, त्यांची मांडणी अशा रीतीने मराठी मुलखातच झालेली आहे.

याच संस्थेने न्यूमोनिया ओळखण्यासाठी केलेल्या एका साध्या साधनाचाही येथे उल्लेख करावयास हवा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचा ५० किंवा अधिक असेल, तर तो जलद समजावा, असा नियम आहे. गावच्या निरक्षर सुईणींना एवढी गणती सलग करणे अवघड जाई. म्हणून एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी यांची जोड करून दर दहा श्वासांमागे एक मणी सरकविण्याची योजना केली गेली. सुईणीला शंभरापर्यंत मोजता येते की नाही, ही परीक्षाच तेथे रद्द झाली. तिला जलद श्वास ओळखता येतो की नाही, एवढीच उरली. मापनाचे साधन आणि मोजावयाची गोष्ट यांतील फरक याहून स्पष्टपणे क्वचितच दाखविता येईल.

३

यावर कोणी म्हणेल की, हा सारा दोष परक्या माध्यमाचा आहे. शिक्षण मातृभाषेत आले म्हणजे तो आपोआप नाहीसा होईल. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकाची हिंदी पाठ्यपुस्तके निघाल्यापासून ही चर्चा पुन्हा रंगली आहे. मातृभाषेतून शिक्षणाला माझा विरोध नाही. परंतु माध्यम बदलले की अंतर मिटते, हे मात्र इतिहासावरून सिद्ध होत नाही.

देशी भाषांतून वैद्यक शिकविण्याचे प्रयत्न जुने आहेत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठी व गुजराती वर्ग निघाले होते. आपल्या भागाशी अधिक जवळचे उदाहरण हैदराबाद संस्थानाचे आहे. परभणी त्या संस्थानात असताना, १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले, आणि त्याच्या अनुवाद विभागाने अनेक शास्त्रांची परिभाषा अरबी-फार्सीच्या आधारे उर्दूत घडविली. देशी भाषेतून विद्यापीठीय शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. पण गोदाकाठच्या मराठी बोलणाऱ्या बाळंतिणीला लंडनची परिभाषा जितकी दूर, तितकीच ही नवी परिभाषाही दूर होती. १९६० नंतर महाराष्ट्रात भाषा संचालनालयाने परिभाषाकोश सिद्ध केले. तेथे फार्सीची जागा संस्कृताने घेतली. बाळंतिणीचे अंतर फारसे बदलले नाही. या कोशांचे कार्य मोलाचे आहे, हे नाकारण्याचा येथे हेतू नाही. कोशाची भाषा हीच मूल्यमापनाची भाषा होय, असे आपण समजलो, हा आपला दोष आहे, कोशकारांचा नव्हे.

४

तथापि बोलीचा गौरव करताना तिच्या मर्यादांकडे डोळेझाक करणे हेही अशास्त्रीय ठरेल. 'अंगावर जाते' असे एखादी स्त्री सांगते, तेव्हा तिला पांढरे जाणे अभिप्रेत असेल किंवा रक्तस्रावही असेल. दोहोंचे उपचार निराळे आहेत, आणि गरोदरपणी दुसऱ्याचा अर्थ जिवावरचे संकटही होऊ शकतो. अशा ठिकाणी परिचारिकेजवळ काटेकोर संज्ञा नसेल, तर संदर्भचिठ्ठीवर ती काय लिहिणार? म्हणजे परिभाषा तिला हवीच. पण ती आईच्या वाक्याच्या जागी नको, त्या वाक्याच्या पुढे हवी. संदिग्ध वाक्य ऐकणे, योग्य तो उलटप्रश्न विचारणे, आणि मग संज्ञा निवडणे, या तीन कृती मिळून जे कौशल्य होते, ते अंशतः भाषिक कौशल्य आहे. परीक्षा मात्र पहिल्या दोन कृती गाळून तिसरीपासून सुरू होते.

प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचे उदाहरण घ्या. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस दिला असता त्यात नऊ महिने व सात दिवस मिळवावे, हे गणित प्रत्येक विद्यार्थिनीला येते, कारण प्रश्नपत्रिकेत इंग्रजी तारीख छापलेली असते. पाथरी किंवा सोनपेठकडची एखादी स्त्री मात्र 'महालक्ष्म्या उठल्या अन् दुसऱ्या दिवशी' किंवा 'पोळ्याच्या आधी आठ रोज' असे सांगते. २०२२ मध्ये पोळा ऑगस्टच्या अखेरीस होता. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने तो सप्टेंबरच्या मध्यास गेला. जी परिचारिका गेल्या वर्षीच्या अंदाजाने तारीख धरील, तिचे गणित अडीच आठवड्यांहून अधिक चुकेल. आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे की पुऱ्या दिवसांचे, हा निर्णयही त्याबरोबर चुकेल. पंचांग पाहून तारीख काढता येणे ही गोष्ट कोणत्या परीक्षेत तपासली जाते?

औषधनिर्माणशास्त्राची स्थिती यापेक्षा बरी नाही. २०१५ च्या विनियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टच्या कर्तव्यांत अंतर्भूत केले आहे. परंतु 'उपाशीपोटी' हा शब्द घेतला, तरी सकाळी उठल्याबरोबर काही न खाता, जेवणाच्या एक तास आधी, आणि उपवासाच्या दिवशी, असे तीन अर्थ ऐकणाऱ्याला सुचू शकतात. आपल्या बोलीत पहिल्या अर्थासाठी 'अनशापोटी' हा नेमका शब्द आहे. तो औषधाच्या पाकिटावर फारसा कोणी लिहीत नाही. 'दोन चमचे' म्हणताना चमचा घरातला की औषधाबरोबर आलेला पाच मिलिलिटरचा, हा प्रश्न तर रोजचाच आहे.

५

मूल्यमापनाच्या शास्त्राला हे दोष अपरिचित आहेत असे नव्हे. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय क्षमतेच्या चार पायऱ्या कल्पिल्या : माहीत असणे, कसे करावे हे माहीत असणे, करून दाखविणे, आणि प्रत्यक्ष कामात करणे. रोनाल्ड हार्डेन यांनी स्कॉटलंडमधील डंडी येथे विकसित करून १९७५ मध्ये मांडलेली परीक्षापद्धती, जीत विद्यार्थी एकामागून एका स्थानकावर जाऊन ठरलेले काम करून दाखवितो, ती आज जगभर रूढ झाली आहे. या पद्धतीने पहिल्या पायरीवरून तिसरीवर जाता येते, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र स्थानकावर बसविलेला 'रुग्ण' प्रमाण मराठीत, ठरवून दिलेली वाक्ये बोलू लागला, तर परीक्षेची जुनीच मराठी तेथे नव्या वेषात येते. तपासणीच्या यादीत 'संवाद साधला' यापुढे खूण करणे सोपे आहे. काय ऐकले, हे त्या खुणेवरून कळत नाही.

यासाठी नव्या संस्थेची अथवा खर्चाची गरज नाही. प्रत्येक परीक्षेत तीन प्रकारचे प्रश्न अवश्य असावेत. पहिल्यात आईचे किंवा रुग्णाचे वाक्य जसेच्या तसे द्यावे आणि उलटप्रश्न कोणता विचाराल, ते विचारावे. दुसऱ्यात त्याच वाक्यावरून संदर्भचिठ्ठीवरील नोंद लिहावयास सांगावी. तिसऱ्यात डॉक्टरांची नोंद देऊन ती घरच्या माणसांना कशी सांगाल, ते तोंडी विचारावे, आणि त्यात एकही पारिभाषिक शब्द समजावून न देता वापरला तर गुण कापावेत. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील स्त्रियांना, त्यांत निरक्षरही होत्या, आरोग्यसेविका म्हणून घडविले. लिहिता न येणाऱ्या स्त्रियांना लेखी परीक्षेने पारखणे शक्यच नव्हते. लेखी परीक्षेवाचून आरोग्यसेवेचे शिक्षण होऊ शकते, एवढे तरी त्या कार्याने दाखवून दिले आहे.

असे प्रश्न काढावयाचे तर रुग्णांची वाक्ये आधी जमविली पाहिजेत, आणि ते काम वैद्यकाच्या शिक्षकांपेक्षा आपल्या विभागाचे अधिक आहे. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे शिकावयास येणाऱ्या सर्वांनाच या जिल्ह्याची बोली परिचित असेल असे नाही. जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत दुखण्याविषयीची क्रियापदे कोणती आहेत, मराठीखेरीज दखनी आणि बंजारा बोलणाऱ्या घरांत तीच गोष्ट कशी सांगितली जाते, कोणता शब्द कोठे संदिग्ध ठरतो, याची तालुकावार नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दोन-तीन वर्षांत सहज करावी. हा प्रबंधाचा विषय म्हणून गौण नाही, आणि त्याचा उपयोग कोणाला होईल हे शोधीत बसण्याचीही गरज नाही.

त्या जुन्या प्रश्नावलीची प्रत अद्याप माझ्याजवळ आहे. खोडलेली ओळ तांबड्या शाईखालून स्पष्ट वाचता येते. ती ज्या शिक्षिकेने लिहिली होती, तिने माझ्या दुरुस्तीला हरकत घेतली नाही. भाषेचा अधिकार माझा आहे, असे तिला वाटले असावे. त्या एका प्रश्नापुरता तरी तो तिचा होता, हे येथे नोंदविणे मी माझे कर्तव्य समजतो.