रणगाड्याचा दृष्टांत आणि मराठी मजकूर : एक परीक्षण

संगणकाची मुक्त कार्यप्रणाली विनामूल्य मिळते. तिची मूळ आज्ञावली कोणासही पाहण्यास व बदलण्यास मोकळी असते. असे असूनही आपल्या टेबलावरील संगणकासाठी बहुसंख्य लोक ती का स्वीकारीत नाहीत, हा प्रश्न गेली तीस वर्षे विचारला जात आहे. त्याच्या उत्तरांपैकी नील स्टीव्हनसन या अमेरिकन कादंबरीकाराने 'इन द बिगिनिंग वॉज द कमांड लाइन' या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधग्रंथात दिलेला दृष्टांत विशेष लोकप्रिय झाला. त्या दृष्टांताची परीक्षा करणे, आणि मराठी ग्रंथव्यवहाराच्या संदर्भात तो कितपत टिकतो हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दृष्टांत थोडक्यात असा. एका चौकात वाहने विकणारी चार ठिकाणे आहेत. पहिले मायक्रोसॉफ्टचे. तेथे पूर्वी सायकली मिळत. आता ओबडधोबड पण सर्वत्र दिसणाऱ्या मोठ्या मोटारी मिळतात. दुसरे ॲपलचे, तेथील गाड्या देखण्या, परंतु त्यांचे अंतरंग बंदिस्त. तिसरे बी नावाच्या कंपनीचे. तेथील वाहने त्या काळी अद्भुत म्हणून गाजली. चौथे ठिकाण दुकान नव्हेच. माळावर तंबू ठोकून राहिलेले स्वयंसेवक तेथे कधीही न बिघडणारे आणि इंधन बेताने खाणारे रणगाडे तयार करून रस्त्याच्या कडेला उभे करतात. किल्ली आतच असते. ज्याला हवा त्याने फुकट न्यावा. हा तळ लिनक्सचा होय. तरीही दहांतील नऊ ग्राहक त्याकडे न पाहता थेट पहिल्या दुकानात शिरतात. एक ग्राहक कारण सांगतो, की मोटार बिघडली तर ती दुरुस्त करणारे लोक आहेत, रणगाड्याचे काय करावयाचे ते आपणास ठाऊक नाही. स्वयंसेवक घरी येऊन फुकट दुरुस्ती करून देण्याची तयारी दाखवितो, तेव्हा तर ग्राहक अधिकच बिचकतो.

या दृष्टांताचा विनोद अस्सल आहे, आणि त्यातील एक निरीक्षण निर्विवाद खरे आहे. मनुष्य वस्तूबरोबर तिच्या देखभालीची हमीही विकत घेत असतो. अपरिचिताच्या औदार्यापेक्षा परिचिताचे बिल त्याला विश्वसनीय वाटते. आपल्याकडे तर विनापरवाना प्रतींच्या प्रसारामुळे किमतीचा मुद्दा पुष्कळदा गौणच ठरला, आणि 'फुकट' या शब्दातील आकर्षण त्या प्रमाणात ओसरले. तथापि दृष्टांताचा मुख्य आधारच सदोष आहे, असे आमचे मत आहे.

वाहन बदलणाऱ्याला जुन्या वाहनातून फारसे काही बरोबर न्यावे लागत नाही. ज्या रस्त्याने मोटार धावली त्याच रस्त्याने रणगाडाही धावेल, असे दृष्टांत गृहीत धरतो. संगणकाची गोष्ट निराळी आहे. ज्याने वीस वर्षे एका प्रणालीवर काम केले, त्याने तेवढ्या काळात मजकूर, हिशेब, पत्रे व नमुने यांचा एक संचय निर्माण केलेला असतो. हा संचय त्या प्रणालीवर चालणाऱ्या विशिष्ट साधनांशी बांधलेला असतो, आणि ती साधने वापरणाऱ्या इतर माणसांशीही. म्हणून प्रणाली बदलणे हे वाहन बदलण्यापेक्षा लिपी बदलण्याशी अधिक जुळते. मोडी मागे पडून बाळबोधीचा सार्वत्रिक वापर सुरू झाला तेव्हा नव्या लेखनाची सोय झाली हे खरे. परंतु पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद आज सामान्य सुशिक्षितास मुके झाले आहेत, हेही तितकेच खरे.

हे अनुमान पडताळून पाहण्यास एक उदाहरण पुरेसे आहे. २००८ पासून बाजारात आलेल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. हा गाभा कोट्यवधी लोकांनी कुरकुर न करता स्वीकारला. बहुतेकांस त्याचे नावही ठाऊक नाही. मुक्त प्रणालीविषयी लोकांच्या मनात मुळातच अढी असती, किंवा ती वापरणे स्वभावतःच दुष्कर असते, तर असे घडले नसते. या फोनकडे लोक रिकाम्या हाताने आले. मागे सोडावे असे त्यांच्यापाशी फारसे काही नव्हते.

विशेष म्हणजे दृष्टांताचे खंडन करणारा पुरावा त्याच ग्रंथात आहे. पुढील भागात ग्रंथकार आपला अनुभव सांगतो. सुमारे १९८५ साली वर्ड या साधनावर लिहिलेले आपले लेखन त्याने दहा वर्षांनी त्याच साधनाच्या नव्या आवृत्तीत उघडू पाहिले, तेव्हा ते उघडेना. साध्या मजकुराच्या रूपाने उघडल्यावर शब्द हाती लागले; मांडणीचा मात्र चुराडा झाला होता. या व अशा अनुभवांनी त्याचे मन साध्या, सर्वमान्य संकेतांत साठविलेल्या मजकुराकडे वळले. म्हणजे त्याच्या स्वतःच्या निवडीमागे वाहनाच्या गुणावगुणांइतकीच आपल्या लेखनाची काळजी होती; पण दृष्टांत रचताना ही काळजी त्याने ग्राहकाला दिली नाही. पुढे २००४ साली एका मुलाखतीत त्याने हा निबंध कालबाह्य झाल्याचे मान्य केले आणि आपण ॲपलची नवी प्रणाली स्वीकारल्याचेही सांगितले. रणगाड्याचा हा भाट स्वतः चौकातील दुसऱ्या दुकानात गेला, याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. त्याचा मजकूर सुटा होता. तो कोठेही जाऊ शकत होता.

येथेच मराठी लेखकाची व मुद्रकाची स्थिती मूलतः भिन्न ठरते. इंग्रजी अक्षरांस सर्व यंत्रांवर समान क्रमांक होते, म्हणून मांडणी नष्ट झाली तरी शब्द उरले. मराठीस असा आश्रय दीर्घकाळ मिळाला नाही. देवनागरीसाठी 'इस्की' हे संकेतन १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाले, आणि त्याच वर्षी निघालेल्या यूनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. परंतु पेजमेकरसारख्या पृष्ठजुळणीच्या साधनांस जोडाक्षरे घडविता येत नसत. त्यामुळे व्यवहारात निराळीच युक्ती रूढ झाली. रोमन अक्षरांच्या व चिन्हांच्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे, काने, वेलांट्या बसविलेले फॉन्ट तयार झाले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम ही साधने छापखान्यांतून स्थिरावली, आणि गेल्या शतकाच्या अखेरीपासून मराठी पुस्तकांचा व नियतकालिकांचा फार मोठा भाग या पद्धतीने जुळविला गेला. अशी फाईल तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडावी, तर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक ढीग दिसतो. येथे मांडणी गेली की अक्षरही जाते.

आता डीटीपी करणाऱ्या एखाद्या मुद्रकास कोणी लिनक्स घेण्याचा उपदेश केला, तर त्याने काय करावे? पेजमेकर तेथे चालत नाही. इनडिझाइन तेथे निघालेले नाही. लेखकांच्या जुन्या फाईली, पुनर्मुद्रणासाठी राखलेली पुस्तके, सवयीचा कळफलक हे सारे विंडोजशी निगडित आहे. अशा मनुष्याचा नकार आळसाचा किंवा अज्ञानाचा म्हणणे अन्यायाचे होईल. त्याने नाकारली ती मुक्त प्रणाली नव्हे. आपल्या संचयाचा त्याग त्याने नाकारला.

साधनसंपन्न संस्थेलाही हा भार चुकत नाही. जर्मनीतील म्यूनिक नगरपालिकेने २००३ साली लिनक्सकडे वळण्याचे ठरविले आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. या कार्यात कचेरीचे अर्ज व पत्रनमुने यांसाठी 'वोलमक्स' नावाचे स्वतंत्र साधन रचावे लागले. पुढे २०१७ साली नगरपालिकेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्यामागील कारणांविषयी वाद आहेत, व त्यांत राजकारणही आणले जाते. परंतु नवी प्रणाली यंत्रांत भरणे हा कामाचा सोपा भाग होता, आणि कागदपत्रांची व्यवस्था लावणे हा अवघड, एवढे या प्रयोगावरून निश्चित म्हणता येते.

मात्र नकार समर्थनीय आहे म्हणून तो सुरक्षितही आहे, असे समजू नये. पेजमेकरची सातवी आवृत्ती २००१ साली निघाली. आठवी निघालीच नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि पुष्कळ जुनी यंत्रे पुढील आवृत्तीस अपात्र ठरली. जो आपल्या संचयासाठी जागच्या जागी राहिला, त्याच्या पायाखालची जागाच सरकत आहे. जुने यंत्र बंद पडेल त्या दिवशी त्यातील मराठी मजकूर दुसऱ्या कोणत्याही प्रणालीवर वाचता येईलच, अशी शाश्वती नाही.

मुक्त प्रणालीचा पुरस्कार करणाऱ्यांनी म्हणून आपल्या उपदेशाचा क्रम बदलावयास हवा. आज लिनक्सवर यूनिकोड देवनागरी उत्तम दिसते व लिहिता येते. अडचण नव्या लेखनाची उरलेली नाही, जुन्याची आहे. तेव्हा प्रथम जुना मजकूर यूनिकोडमध्ये आणावा. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत, परंतु त्यांवर डोळे मिटून विसंबता येणार नाही; 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील भेद राखला गेला आहे की नाही, हे मराठी जाणणाऱ्याने प्रूफ तपासल्याप्रमाणेच तपासले पाहिजे. हे काम तंत्रज्ञाचे तितकेच भाषाभ्यासकाचे आहे, आणि विद्यापीठातील मराठी विभागांस ते टाळता येणार नाही. निदान छापखान्याकडून यापुढे पीडीएफबरोबर यूनिकोड मजकूरही मागून घ्यावा.

मजकूर एकदा सुटा झाला, की प्रणाली कोणती निवडावी हा खरोखरच आवडीचा प्रश्न होईल. स्टीव्हनसनचा दृष्टांत त्या वेळी मराठी माणसासही लागू पडेल. तोवर रणगाड्यास वळसा घालून जाणाऱ्यास हसण्यापूर्वी त्याच्या पाठीवरील ओझ्याकडे पाहावे, हे बरे.