न पिणारा दारुडा

आमच्या घरात दारूचं नाव निघायचं ते एकाच माणसामुळे. जॉनी वॉकर! हे मुळात एका विलायती व्हिस्कीचं नाव आहे, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. घरी येऊन मी ते आईला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. "काहीतरीच बोलू नकोस," म्हणाली, "तो आपल्या इंदूरचा आहे." जणू इंदूरच्या माणसाचं नाव बाटलीवरून पडूच शकत नाही.

तो इंदूरचा, हे मात्र खरं. बद्रुद्दीन जमालुद्दीन काझी हे त्याचं नाव. वडील इथल्या कापडगिरणीत कामाला होते. गिरणी बंद पडली आणि सगळं कुटुंब मुंबईला गेलं. पोरवयात त्यानं बर्फाच्या कांड्या विकल्या, फळं-भाज्या विकल्या, शाळा सहावीतच सुटली. पुढे बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर झाला. तिकिटं फाडता फाडता नकला करायचा आणि उतारू हसायचे. बलराज साहनींची नजर त्याच्यावर पडली. ते तेव्हा गुरुदत्तसाठी 'बाजी' लिहीत होते. त्यांनी त्याला दारुड्याचं सोंग घेऊन सरळ गुरुदत्तच्या पुढ्यात जायला सांगितलं. हा गेला, झिंगला, बरळला, आणि गुरुदत्तला तो खराच प्यायलेला वाटला, अशी ती गोष्ट सांगतात. 1951च्या 'बाजी'त त्याला काम मिळालं आणि नाव मिळालं ते व्हिस्कीचं. ज्यानं जन्मात दारूला तोंड लावलं नाही अशा माणसाला!

आता मूळ विषयाकडे येते. जॉनी वॉकर चांगला नट होता का, हे सांगायला माझी गरज नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. मला विचारायचंय ते निराळं. पडद्यावरच्या दारुड्याला आपण बायकांनी हसावं का? ज्या घरात खरा दारुडा आहे, त्या घरातल्या बाईनं काय करावं?

हा प्रश्न मी पुस्तकातून काढलेला नाही. माझी धाकटी आत्या आमच्याकडे राहायची. सणावाराला आलेली नव्हे, कायमची आलेली. का, ते आम्हा मुलांना कुणी सांगितलं नव्हतं, पण मुलांना कळतंच. आत्याचे यजमान प्यायचे. "आपल्यात असलं काही नसतं," असं आपल्या समाजात म्हणायची पद्धत आहे. मंदिरात, लग्नात, हळदीकुंकवाला सगळ्या तेच म्हणायच्या, आणि आत्या तिथेच बसून ऐकायची. नसतं, तर ती आमच्याकडे कशाला असती? पण हे बोलायचं कुणी!

दूरदर्शनवर रविवारी संध्याकाळी सिनेमा लागायचा ते दिवस आठवा. आमच्याकडे त्यात एक गंमत होती. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, आणि सिनेमाही नेमका तेव्हाच. मग आई ताटं बाहेरच्या खोलीत आणायची, शेजारपाजारच्या बायका दाराशी बसायच्या. अशाच एका रविवारी 'मधुमती' लागला होता. बिमल रॉय यांचा 1958चा सिनेमा. त्यातल्या चरणदासच्या कामासाठी जॉनी वॉकरला फिल्मफेअरचं सहायक अभिनेत्याचं बक्षीस मिळालं होतं. त्यात तो नशेत गाणं म्हणतो. खोलीत नुसता हशा. मी तर लोळतच होते. आत्या उठली, रिकामी ताटं गोळा केली आणि आत गेली. गाणं संपेपर्यंत आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. त्या वेळी भांडी घासायची काहीच गरज नव्हती.

तेव्हापासून जॉनी वॉकर मला जड झाला. पुढे सिनेमा समजायला लागला तेव्हा मी त्याच्याविरुद्ध खटलाच मांडला, मनातल्या मनात. माझं म्हणणं असं होतं की, हा खोटं दाखवतो. ह्याचा दारुडा कुणाला मारत नाही. पगार उडवत नाही. बायकोच्या बांगड्या मोडत नाही. मुळात त्याला घरच नसतं! तो रस्त्यात झिंगतो, झाडाखाली झिंगतो, पण रात्री कुठल्या दाराची कडी वाजवतो ते कॅमेरा कधी दाखवत नाही. हिंदी सिनेमातला विनोदी दारुडा दारापाशी संपतो, आणि बाईची गोष्ट तिथूनच सुरू होते. हा आक्षेप मला आजही खरा वाटतो. तो एकट्या जॉनी वॉकरवर नाही, पण त्यानं घडवलेला नमुना पुढे किती जणांनी उचलला ते बघता, त्याच्यावरही आहेच.

मात्र खटल्यात दुसरी बाजू ऐकावी लागते. ती मला आत्यानंच ऐकवली.

बरीच वर्षं गेली होती. आत्याचे यजमानही गेले होते. घरात आम्ही दोघीच, आणि टीव्हीवर 'प्यासा' लागला. 1957चा. त्यात जॉनी वॉकर तेलमालिश करणारा अब्दुल सत्तार आहे. डोक्याला मालिश करण्याचं त्याचं ते गाणं कुणाला माहीत नाही? आत्या उठेल म्हणून मी तिच्याकडे बघत होते. ती उठली नाही. पुढे विजयला वेड्यांच्या इस्पितळात कोंडतात. भाऊ त्याला ओळखत नाहीत, मित्र ओळखत नाही, सगळे पैशासाठी तोंड फिरवतात. त्याला तिथून बाहेर काढतो तो हा मालिशवाला. आत्या म्हणाली, "हा पीत नसणार बघ."

मी म्हटलं, "नाहीच पीत तो. पण तुला कसं कळलं?"

"पिणारा समोरच्याचं तोंड बघत नाही गं. हा सारखा बघत असतो. मधुमतीतसुद्धा बघत होता."

एवढंच बोलली. जॉनी वॉकरवर मी पुष्कळ वाचलंय, पण त्याच्या अभिनयाबद्दल याहून नेमकं कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही. तुम्ही स्वतः बघा. त्याचे पाय लटपटतात, जीभ जड होते, आवाज नाकातून चिरकत येतो, पण डोळे? डोळे जागे असतात. आपल्या बोलण्यानं समोरच्याला राग आला का, तो दुखावला का, हसला का, हे ते सतत टिपत असतात. बसमधला कंडक्टर जसा शंभर माणसांत प्रत्येकाचं तोंड बघतो, तसे. खऱ्या दारुड्याचं दुःख हेच की त्याला समोरचं माणूस दिसेनासं होतं. जॉनी वॉकरनं दारुड्याचं सगळं घेतलं, पण तेवढं एक घेतलं नाही. म्हणून त्याचा दारुडा खोटा आहे, आणि म्हणूनच तो कुणाला इजा करू शकत नाही. माझा आक्षेप आणि आत्याचं निरीक्षण, दोन्ही एकाच जागी येऊन थांबतात.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी सातवा, व्रतांचा. त्यात अनर्थदंडव्रताचे अतिचार सांगताना पहिली दोन नावं येतात, कंदर्प आणि कौत्कुच्य. कंदर्प म्हणजे विकारानं केलेली असभ्य थट्टा. तीच अंगविक्षेपांसकट केली की कौत्कुच्य. लहानपणी मला वाटायचं, शास्त्रानं हसण्यावरच बंदी घातलीय. आता वाटतं, नटाला तपासायला याहून चांगलं माप नाही. थट्टा कशातून निघते, आणि तिच्याबरोबर अंग काय करतं, हेच तर बघायचं असतं. जॉनी वॉकर अंगानं विनोद करायचा, पण त्या अंगात चावटपणा नव्हता. सुमारे तीनशे सिनेमांत सेन्सॉरनं आपली एक ओळही कापली नाही, हे तो अभिमानानं सांगे. आपल्या मराठीत 1971च्या 'सोंगाड्या'पासून दादा कोंडक्यांचं युग आलं. त्यांचं टायमिंग अफाट, गर्दी अफाट, आणि सेन्सॉरशी भांडणंही अफाट. त्यांना मी कमी लेखत नाही. तमाशाच्या मातीतून आलेली ती निराळी जात आहे. पण तो सिनेमा आत्या, आई, मी आणि माझा भाऊ एका खोलीत बसून बघू शकलो नसतो. जॉनी वॉकरचा बघत होतो. हिंदीतल्या विनोदाला तसाच वास यायला लागला तेव्हा त्यानं कामं कमी केली. भूक असलेला माणूस असं सहसा करत नाही. ज्यानं पोरवयात बर्फाच्या कांड्या विकल्या, त्यानं केलं.

तरी एका जागी मी त्याच्या सिनेमांना सोडणार नाही. 'आरपार', 'मिस्टर अँड मिसेस 55', 'प्यासा', या तिन्ही गुरुदत्तच्या सिनेमांत आणखी एक विनोदी कलावंत आहे, टुणटुण. मूळची उमादेवी खत्री. 1947च्या 'दर्द'मध्ये जिच्या गाण्यानं देश वेडा झाला होता, ती गायिका. जॉनी वॉकरला या सिनेमांत काय मिळालं? प्रेयसी मिळाली, रफीच्या आवाजातलं गाणं मिळालं. 'मिस्टर अँड मिसेस 55'मध्ये वर्तमानपत्राच्या कचेरीत टायपिस्ट मुलीबरोबर तो जे गातो, ते नायकाच्या गाण्याइतकंच लोकांच्या ओठांवर बसलं. 'आरपार'मधली नूर तर पुढे त्याची खरीच बायको झाली. 'सी.आय.डी.'त तो खिसेकापू आहे, तरी मुंबईवरचं सगळ्यात गाजलेलं गाणं त्याच्याच वाट्याला आलं. आणि टुणटुणला काय मिळालं? तिचा देह. ती पडद्यावर आली की लोक आधीच हसायला लागायचे. विनोदी पुरुषाला मन असतं आणि विनोदी बाईला नुसतं वजन, हा हिशेब कुणी ठरवला? जॉनी वॉकरनं नव्हे, हे कबूल. पण तो ज्या ताटात जेवला त्याच ताटात हा भेदही वाढलेला होता. 'प्यासा' बघताना आपण बायकांनी तरी हे विसरू नये. मीही टुणटुणला हसलेय. आता हसू येत नाही, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही.

1964मध्ये गुरुदत्त गेला. त्यानंतरही जॉनी वॉकरनं कामं केली, 'शिकार'साठी विनोदी नटाचं बक्षीसही घेतलं. पण माझ्या मते त्याचं सर्वांत मोठं काम हृषीकेश मुखर्जींच्या 1971च्या 'आनंद'मधलं, इसाभाई सूरतवाला. आनंद वाटेल त्याला मुरारीलाल म्हणून हाक मारतो आणि सगळे गोंधळतात. इसाभाई एकटा गोंधळत नाही. तोही त्याला जयचंद म्हणून मोकळा होतो. खेळाला खेळानं उत्तर देणारा एकच माणूस आनंदला भेटतो, तो हा. मग आनंद मरणार आहे हे त्याला कळतं. त्याच्यासमोर तो हसत राहतो आणि पाठ फिरल्यावर त्याचा चेहरा मोडतो. तिथेही तेच: आधी समोरच्याचं तोंड बघायचं, त्याला सांभाळायचं, आपलं मग. थिएटरात बायका ज्या जागी पदर डोळ्यांना लावत, त्यातली एक जागा या हसवणाऱ्या माणसाची होती.

बऱ्याच खंडानंतर 1997मध्ये कमल हासननं त्याला 'चाची 420'साठी बोलावलं. काम कसलं? पिणाऱ्या मेकअपवाल्याचं! सुरुवात दारुड्याच्या सोंगानं झाली आणि शेवटही तिथेच. सहावीत शाळा सुटलेल्या या माणसानं आपले मुलगे शिकायला अमेरिकेला पाठवले. 29 जुलै 2003 रोजी तो मुंबईत गेला.

ती बातमी मीच आत्याला वाचून दाखवली होती. ती तांदूळ निवडत होती. "चांगला होता," म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "यांनाही तो फार आवडायचा. लग्नानंतर पहिला सिनेमा आम्ही त्याचाच पाहिला होता. तेव्हा हे पीत नव्हते."

इतक्या वर्षांत आत्यानं यजमानांचा उल्लेख माझ्यासमोर केला तो हा पहिला. कुठला सिनेमा, ते मी विचारलं नाही. मी तिच्याशेजारी बसले आणि दोघींनी मिळून तांदूळ निवडले.