सांत्वनाची भाषा आणि 'स्मृतिचित्रे'

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर बहुधा दोन अंगांनी झाला आहे. एक अंग धर्मांतराच्या सामाजिक इतिहासाचे, तर दुसरे भक्तिपरंपरेशी असलेल्या त्याच्या नात्याचे. या दोन्ही चर्चांत एक साधा प्रश्न मागे पडतो. दुःखाने खचलेल्या माणसाला हे वाङ्मय धीर कसा देते? आशा हे ख्रिस्ती श्रद्धेचे केंद्र मानले, तर ती आशा मराठीत कोणत्या वाङ्मयीन रूपाने अवतरते, हा प्रश्न केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. तो निवेदनाचा आणि भाषेचा, म्हणून समीक्षेचाही होतो.

या प्रश्नाचा निकष बायबलमध्येच सापडतो. ईयोबाचे तीन मित्र त्याच्या समाचाराला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहतात. तोवर ते खरे मित्र असतात. तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागताच ते त्याचे छळक होतात, आणि ग्रंथाच्या शेवटी देवाचा कोप होतो तो या कारणे सांगणाऱ्यांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकाठच्या एखाद्या दुःखाच्या घरी बसलेल्या माणसाला या कथेचा अर्थ वेगळा उलगडून सांगावा लागत नाही. शेजारची बाई न बोलता चुलीवर चहा ठेवते तेव्हा घराला आधार वाटतो. कोणी प्रारब्धाचा हिशेब मांडू लागला की तोच आधार सुटतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे 2006 साली पंतप्रधानांच्या विशेष मदत योजनेत ज्या सहा जिल्ह्यांचा समावेश झाला, त्यांत अकोला होता. अशा प्रदेशात सांत्वनाच्या भाषेची परीक्षा पुस्तकाबाहेरही चाललेली असते.

या निकषावर बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (1857) ही कादंबरी फार काळ टिकत नाही. विधवांच्या यातनांचे तिचे दर्शन अस्सल आहे, आणि त्या काळी ते धैर्याचेही होते. परंतु यमुनेचा पती विनायक मरण पावल्यानंतर तिला लाभणारा धीर हा कथानकाने काढलेला निष्कर्ष आहे. दुःख हा पूर्वपक्ष, ख्रिस्ती धर्म हा सिद्धांत. वाचकाला युक्तिवाद पटेलही, पण यमुनेचे रडणे त्याच्या कानी पडत नाही.

पंडिता रमाबाईंचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 1907 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मनिवेदन रचनेने साक्षच आहे: पूर्वीचा अंधार, मग शोध, मग प्रकाश. या रचनेत भोगलेल्या प्रत्येक दुःखाला आधीच जागा नेमून दिलेली असते. 1870 नंतरच्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गेल्याची हकिकतही व्रते, दाने आणि तीर्थे निष्फळ ठरल्याचा पुरावा म्हणून येते. तरीही त्या हकिकतीत एक जागा अशी आहे की जेथे साक्षीचा साचा तडकतो. दृष्टी गमावलेले, उपासमारीने क्षीण झालेले अनंतशास्त्री धाकट्या मुलीला जवळ घेतात आणि देवाची सेवा करण्यास सांगतात. येथे रमाबाई वाद घालीत नाहीत. वडिलांचा देव कोणता आणि आपला कोणता, हा भेद त्या क्षणापुरता त्यांच्या लेखणीला सुचत नाही, आणि संपूर्ण निवेदनात सर्वाधिक सांत्वन याच जागी आहे. 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील मुलींना आणण्यासाठी धावून गेलेल्या रमाबाई या मिठीतून समजतात. सिद्धांतातून तितक्या समजत नाहीत. 1899-1900 च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला तेव्हा अकोला-खामगावकडे अलायन्स मिशनने अनाथ मुलांना आसरा दिला. त्या मुलांपैकी कोणाचे आत्मनिवेदन मराठी वाङ्मयेतिहासाच्या पटावर नाही. साक्षीची रचना साक्षर माणसालाच साधते, ही तिची आणखी एक मर्यादा.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चे वेगळेपण ध्यानी येते. 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचा गौरव त्यातील विनोदासाठी आणि निर्मळ बोलभाषेसाठी झाला, आणि तो यथार्थच आहे. मात्र हा विनोद लक्ष्मीबाईंच्या स्वभावाचा गुण म्हणून नोंदवला गेला. या ग्रंथात तोच सांत्वनाचा रूपबंध आहे, हे पुरेसे पाहिले गेले नाही.

या ग्रंथात दुःखे थोडकी नाहीत. सासऱ्यांचा जाच, अपत्यांचे मृत्यू, पतीचे वारंवार नाहीसे होणे आणि अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी घेतलेला बाप्तिस्मा. नवरा जिवंत असूनही त्यानंतरची काही वर्षे लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आश्रयाने, जनांच्या बोलांखाली काढावी लागली. पंढरपुरातले दिवस याच काळातले. वास्तविक पुढे 1900 साली स्वतः ख्रिस्ती झालेल्या लेखिकेला हा काळ 'देवाची योजना' म्हणून मांडणे सहज शक्य होते. साक्षीची परंपरा तिच्या हाताशी होती. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. तेव्हाचा राग रागच राहतो, अपमान अपमानच. नंतरच्या श्रद्धेचा उजेड त्या मागच्या काळोखावर पाडून त्याचा रंग बदलत नाहीत. जातिभेदाचा विचार मनातून गळून पडतो तो प्रसंगही साक्षात्काराच्या थाटात येत नाही. तो घरच्या घडामोडीसारखा येतो.

यातील निवेदक-लक्ष्मीबाई आणि पात्र-लक्ष्मीबाई यांच्यातले अंतर पाहण्याजोगे आहे. पात्र रडते, भांडते, रुसते. निवेदक तिच्याकडे पाहून हसते, पण तिला कधीच चुकीची ठरवत नाही. या हसण्यात उपहास नाही की विसरही नाही. यातून पार पडलेली बाई यातच सापडलेल्या बाईजवळ येऊन बसली आहे, असा तो भाव आहे. ईयोबाच्या मित्रांना सात दिवसांनंतर जे साधले नाही, ते येथे चार भागांत साधले आहे. आशा हा शब्द फारसा न उच्चारता आशेचा प्रत्यय येतो तो निवेदनाच्या या अंतरामुळे.

यावर एक आक्षेप संभवतो. हे सांत्वन माणुसकीचे झाले. त्यात ख्रिस्ती ते काय? टिळक स्वतः तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत, आणि त्यांच्या भजनांची घडण पाहता ही शंका त्यांच्याबाबतही घेतली गेली आहे. आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. परंतु तो घेणाऱ्यांच्या मनात ख्रिस्ती सांत्वन म्हणजे मरणोत्तर स्वर्गाचे आश्वासन, एवढेच असते. शुभवर्तमानाच्या केंद्रस्थानी मात्र एक आक्रोश आहे. वधस्तंभावरील येशू स्वतः बाविसाव्या स्तोत्राचे विलापशब्द उच्चारतो, म्हणजे जेथे उत्तर अपेक्षित तेथे देवच प्रश्नकर्त्याच्या जागी येतो. दुःखाची संगती न लावता दुःखिताची संगत करणे ही म्हणूनच या श्रद्धेची पातळ आवृत्ती ठरत नाही. 'स्मृतिचित्रे'त ख्रिस्ताचे नाव किती वेळा येते, हे मोजून तिचे ख्रिस्तीपण ठरवू पाहणारी समीक्षा ग्रंथाच्या दाराशीच अडखळते.

टिळक 9 मे 1919 रोजी वारले. त्यांच्या घरी राहिलेले बालकवी जेमतेम वर्षापूर्वी, मे 1918 मध्ये, जळगावजवळ भादली येथे रेल्वेखाली सापडून गेले होते. टिळकांचे 'ख्रिस्तायन' दहा-एक अध्यायांवर थांबले होते. फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'नंतर तीनशे वर्षांनी ओवीत ख्रिस्तचरित्र सांगण्याचा हा प्रयत्न अर्धवटच राहायचा. लक्ष्मीबाईंनी तो पुढे चालवून चौसष्ट अध्याय रचले. काव्य म्हणून त्यांतील पुष्कळ भाग सपाट आहे, आणि तसे म्हणण्यात भीड बाळगण्याचे कारण नाही. मात्र टिळकांची लेखणी चरित्राच्या आरंभभागातच थांबली होती. तेथून वधस्तंभाकडे जाणारी वाट त्यांच्या विधवेला ओवी ओवीने चालावी लागली. आपल्याकडे 'स्मृतिचित्रे' वाङ्मयाच्या कपाटात आणि 'ख्रिस्तायन' धर्मग्रंथांच्या कपाटात ठेवले जाते. एकाच बाईने एकाच दुःखानंतर आरंभलेली ही दोन कामे शेजारी ठेवून वाचली, तर पहिल्यातला विनोद कोणत्या कष्टांवर उभा आहे ते दिसते. 'ख्रिस्तायन' छापून निघाले 1938 साली. लक्ष्मीबाई 1936 मध्येच गेल्या होत्या.