आदिम कोण?

आफ्रिकेच्या कलेवर मराठीत वाचायला घेतलं की आधी शब्दच आडवे येतात. आदिम, रानटी, टोळी. मी गिरणीतला माणूस. शब्दही यंत्रासारखा खोलून बघतो.

बेनिनच्या एडो ओताऱ्यांनी मेणाच्या नमुन्यावर माती लिंपली, मेण वितळवून पितळ ओतलं, राजाचा अख्खा दरबार फलकांवर उभा केला. १८९७ साली इंग्रज फौजेनं ते लुटून नेलं. लुटणारा सुधारलेला आणि ओतणारा आदिम? हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

'हबशी' म्हणजे हबश देशाचा, इथिओपियाचा. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. आमच्या पनवेलच्या नाक्यावर मात काळ्या पोराला चिडवायला तोच शब्द.

आणि आपण? ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आपल्या लोकांनी दलित पँथर उभी केली. 'हरिजन' धुडकावला. तरी लिहिताना 'निग्रो' चालवून घेतो. मीही कवितेत लिहिला होता. खोडला.

ज्याचं नाव त्यानं ठेवावं. एडोंना एडो म्हणा, सिद्दींना सिद्दी. कारागिराला कारागीर म्हणा, लुटीला लूट.

जयभीम.